यंदा ऊस मशीननं तोडला: हार्वेस्टरचा खराखुरा रिव्ह्यू

यंदा आमचा लावणीचा ऊस कोयत्यानं नाही, हार्वेस्टरनं गेला. तेव्हापासून भेटेल तो विचारतोय, कसं काय, परवडलं का, खोडवा (तोडल्यावर बुडख्यातनं परत येणारा ऊस) फुटला का, आम्ही पण मशीन सांगू का. प्रत्येकाला पारावर बसून तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो, जरा लांबलंय. कंत्राटदाराचं आणि कारखान्याचं नाव घालत नाही, मला कुणाशी भांडण करायचं नाहीय, आणि जे बरंवाईट सांगणार आहे ते कुठल्याही मशीनला थोड्याफार फरकानं लागू होतंय.

आधी रानाची माहिती. सांगली जिल्ह्यातला वाळवा तालुका, काळी जमीन, सव्वादोन एकराचा सलग पट्टा, उसाची जात ८६०३२, आडसाली (दीड वर्षाची) लावण, साडेचार फुटी सरी (म्हणजे दोन ओळीतलं अंतर). ही सरी लक्षात ठेवा कारण पहिला प्रश्न तोच येतो. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात मशीन मागायला गेलात की चिटबॉय (उसाच्या नोंदी बघणारा कारखान्याचा माणूस) आधी सरी किती फुटी विचारतो, तीन फुटी म्हणालात की पुढं बोलणंच नाही. बरोबरच आहे, तीन फुटीत चाक सरळ बुडख्यावर चढतं, ऊस तुटतो एकीकडं आणि खोडवा मरतो दुसरीकडं.

मशीन का सांगितलं? तर तोड येत नव्हती म्हणून. नोंद वेळेत, पाळीपत्रकात (तोडीच्या क्रमाच्या यादीत) नाव, तरी आज येतील उद्या येतील करत ऊस उभाच. तोडकऱ्यांच्या टोळ्या दरवर्षी कमी व्हायला लागल्यात, मुकादम (टोळी आणणारा) उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन आलाच नाही असं ऐकायला येत नाही असा हंगाम जात नाही, वाहतूकदारांचे लाखो रुपये बुडालेत त्यात. मग आलेली टोळी हवी तर खुशाली (तोडीसाठी द्यायचे वरचे पैसे) द्या. एकरी पाच हजारापासून दहापर्यंत जाते आमच्या भागात, पडलेला ऊस असला, रस्ता नसला तर अजून वर. शिवाय ट्रॅक्टरवाल्याची एन्ट्री (खेपेमागचे वरचे पैसे) वेगळी, जेवण वेगळं. तुरा आलेला ऊस रानात ठेवून वजन घटताना बघायचं की खिशात हात घालायचा, एवढाच पर्याय राहतो, म्हणून म्हटलं बघू तरी मशीन.

आता कामाबद्दल. काम एक नंबर. आदल्या दिवशी कडेच्या दोन सऱ्या आणि वळायला दोन्ही टोकांची जागा हातानं तोडून द्यावी लागली, हे आधी कुणी सांगत नाही, तुम्ही धरून चाला. सकाळी दव उतरल्यावर मशीन आत घुसलं. पावणेदोनशेच्या आसपास हॉर्सपॉवरचं धूड, पुढं दोन्ही बाजूला फिरणारे स्क्रूसारखे सुळे, ते लोळलेला ऊस उचलून सरळ करतात, वर टॉपर शेंडा उडवतो, खाली दोन तबकड्या जमिनीलगत बूड कापतात, रोलर ऊस आत ओढतात, वीतभर कांड्या होतात, मोठा पंखा पाला मागं फेकतो आणि पट्ट्यावरून कांड्या शेजारी चालणाऱ्या इन्फिल्डरमधे (माल झेलणाऱ्या ट्रॉलीत). हे सगळं तुम्ही वाचताय तेवढ्या वेळात दहा-पंधरा फूट सरी मोकळी. रात्री दहाच्या आत रान रिकामं, शंभर टनाच्या वर माल गेला. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडतात, दहा कोयत्यांची टोळी असती तर पाच-सहा दिवस लागले असते. त्यात ट्रॉली वेळेवर आल्या नाहीत म्हणून मधे दोनदा मशीन गप उभं होतं, नाहीतर संध्याकाळीच संपलं असतं.

ऑपरेटर सोलापूरकडचा पोरगा, कामाला वाघ पण बोलायला गोड. मी म्हटलं भाऊ जरा खालनं घ्या, बूड वर राहायला लागलंय. तर म्हणतो, "मालक, तुमच्या सरीला बोद एकसारखा नाही, लई खाली घेतलं तर माती खाईल आणि काट्यावर मातीचं पण कापतील तुमचं." बोद म्हणजे बुडख्याला मातीची भर लावून केलेला वरंबा. त्याचं पण खरं होतं. जिथं भर नीट लागली होती तिथं कापणी अगदी जमिनीसरशी, जिथं बोद बसला होता तिथं चार-चार बोटं बुडखे वर राहिले. ते नंतर बायका लावून छाटून घेतले, नाहीतर वरच्या डोळ्यातनं फुटवा येतो आणि तो पोसत नाही. छाटणीची मजुरी पण हिशोबात धरा.

आणि हिशोबाचंच बोलायचं तर खरी गोम कपातीत आहे. मशीनच्या उसात पाला-पाचोळा जातो म्हणून कारखाना वजनातनं साडेचार-पाच टक्क्यांच्या घरात कापतो. शंभर टनाला साडेचार टन. टनाला एकतीसशे-बत्तीसशे धरा, चौदा हजार रुपये गेले की. म्हणजे सव्वादोन एकराला खुशाली द्यावी लागली असती जवळपास तेवढेच. फरक इतकाच की खुशाली आपण हातानं मोजून देतो म्हणून रात्रभर डोक्यात राहते आणि कपात काट्याच्या पावतीत छापून येते म्हणून कुणी शिवी देत नाही. शेतकरी संघटना ही कपात कमी करा म्हणून कधीपासून बोलतायत. माझ्या ट्रॉल्यांमधे पाला किती होता हे मी डोळ्यानं बघितलंय, पंखा फुल स्पीडला होता तेव्हा माल स्वच्छ होता, डिझेल वाचवायला पंखा हळू केला की पाला वाढतो. पंखा त्याच्या हातात, कपात माझ्या बिलात. ह्याला एक स्टार कमी.

अजून एक. तोडणी-वाहतूक कारखाना एफआरपीतनंच (केंद्रानं ठरवलेल्या उसाच्या किमान दरातनं) वजा करतो आणि ती सगळ्या सभासदांची सरासरी धरून. त्यामुळं मशीननं काम पटापट झालं म्हणून तोडणी खर्च कमी लागला असं काही तुमच्या बिलात दिसणार नाही. स्वस्त झालंच असेल तर ते दुसऱ्या कुणाला तरी झालं असेल.

वाढ्याचं (उसाच्या हिरव्या शेंड्यांचं) मात्र वाईट वाटलं. टोळी आली की गावात वाढं होतं. तोडकरी शेंडे बांधून पेंढ्या करतात, त्यांच्या बैलांना घालून उरलेल्या विकतात, आणि ज्याच्याकडं रान नाही पण दोन म्हशी आहेत अशी सगळी घरं चार-पाच महिने त्या पेंढ्यांवर जनावरं काढतात. मशीन शेंडा उडवतं ते बारीक तुकडे होऊन रानात पसरतं, गोळा करता येत नाही. आमच्या मागच्या आळीतल्या आक्का, घरात एक म्हैस आणि एक रेडी, त्या दुपारी विळा-दोरी घेऊन बांधावर आल्या. मशीन दोन फेऱ्या मारेपर्यंत बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आरं, ह्येच्यात जनावराचं कायच राहिलं न्हाई की." कडेच्या हातानं तोडलेल्या सऱ्यांचं होतं तेवढं दिलं त्यांना. पण गावातला सगळा ऊस मशीननं जायला लागला तर ह्या घरांनी डिसेंबर ते मार्च म्हशीला काय घालायचं? कडबा विकत घेऊन डेअरीच्या दराला दूध परवडत नाही, हे कुठल्याही म्हैसवाल्याला विचारा. मशीनच्या माहितीपत्रकात किती टन, किती डिझेल सगळं असतं, वाढं नसतं.

आता जमिनीचं. चांगली गोष्ट आधी: पाचट (उसाचा वाळलेला पाला) आपोआप बारीक होऊन सगळीकडं सारखं पसरतं, पेटवायचा प्रश्नच नाही. कोयत्यानं तुटलं की आपल्याकडं निम्मे लोक अजून काडी लावतात, पाच मिनिटात रान काळं, गांडूळ-बिंडूळ सगळं जळून मोकळं, आणि मग खतवाल्याकडं जाऊन जमिनीला ऑरगॅनिक कार्बन नाही म्हणून काहीतरी बाटली आणायची. माझ्या खोडव्यात पाचट जसंच्या तसं आहे, त्यावर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकून पाणी दिलंय, तण जवळजवळ नाही आणि पाण्याची पाळी लांबलीय. ह्याला पैकीच्या पैकी.

वाईट गोष्ट म्हणजे चाकं. नुसतं मशीन नाही, शेजारी माल भरलेला इन्फिल्डर, तोही ट्रॅक्टरसकट. आमच्याकडं खालच्या बाजूला जरा ओल होती, तिथं चाकोऱ्या अशा पडल्यात की आजही पाणी सोडलं तर सरीतनं न जाता चाकोरीतनं जातंय. काळी जमीन ओली असताना दाबली की खाली दगडासारखा थर होतो, वरनं नांगरलं तरी तो फुटत नाही, मुळं तिथनं आडवी वळतात. खालच्या दहा-बारा सऱ्यांत नांग्या (न फुटलेल्या मोकळ्या जागा) भरपूर पडल्यात, रोपं आणून भरली. वरच्या कोरड्या भागात फूट झकास आहे, हातानं तोडलेल्या कडेच्या सऱ्यांपेक्षा उन्नीस-बीस. त्यामुळं सांगतो, तोडणीच्या आधी किमान तीन आठवडे पाणी बंद करा आणि ओल असेल तर मशीन परत पाठवा, कंत्राटदार कितीही घाई करू दे.

खालची बाजू ओली का राहते ते पण सांगतो कारण त्याचा मशीनशी नाही पण उसाशी संबंध आहे. नदीवरनं उपसा आला, पाणी मुबलक झालं, तेव्हापासून आमच्या आजोबांच्या पिढीनं ऊस सोडून दुसरं काही लावलं नाही. पाट पाणी, वर युरियाच्या गोण्या, ऊस मोडला की ऊस. आता कृष्णा-वारणा पट्ट्यात वाळवा, मिरज, शिरोळ कुठंही जावा, खालच्या अंगाला क्षारानं पांढरी फुललेली रानं दिसतात. आमच्या पट्ट्याचं शेवटचं टोक उन्हाळ्यात मीठ सांडल्यासारखं दिसतं. शिरोळला दत्त कारखान्यानं गणपतराव पाटलांच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून शेकडो एकर क्षारपड सुधरवलीय, काम नावाजण्यासारखंच आहे, पण एकरी खर्च लाखाच्या पुढं जातो आणि पाईपचं पाणी सोडायला खालच्या दहा शेतकऱ्यांची संमती लागते. आमच्याकडं त्या संमतीवरच घोडं अडलंय.

राज्याचं बघितलं तर चित्र अजून इचित्र आहे. लागवडीखालच्या क्षेत्रात ऊस चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून जास्त वाटा त्याचा. कृषिमूल्य आयोगाच्या हिशोबानं महाराष्ट्रात एक किलो साखरेला दोन हजार लिटरच्या वर पाणी लागतं. २०१६ च्या एप्रिलात मिरज स्टेशनवरनं पाण्याची रेल्वे लातूरला गेली, आम्ही बघायला गेलो होतो, लोकं फोटो काढत होते. त्या लातुरात पण साखर कारखाने आहेत, बीड-धाराशिवला (तेव्हाचं उस्मानाबाद) पण आहेत. आणि त्याच बीडचे लोक पाणी नाही, काम नाही म्हणून आमचा ऊस तोडायला येतात.

म्हणून टोळीबद्दल बोलल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होत नाही. मशीनच्या गप्पांत लोक "लेबरची कटकट मिटली" म्हणतात ना, ती कटकट म्हणजे कोण ते बघा. दसरा-दिवाळी झाली की बीड, नगरचा पाथर्डी-शेवगाव, जालना, परभणी इकडनं आठ-दहा लाख माणसं बाहेर पडतात. जोडीला लाखाच्या घरात उचल, ती फिटेपर्यंत तोडायचं, नाही फिटली तर पुढच्या हंगामात परत. ओढ्याकाठी कोप्या (पाल्याच्या झोपड्या), पहाटे तीन-चारला उठून रानात, बायका मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढतात, पोरं बांधावर. शाळा गेली उडत. एक दिवस गेला की खाडा, त्याचे पाचशे रुपये जोडीच्या हिशोबातनं वजा, मग ताप असो का पाळी असो. त्यातनंच ते गर्भपिशव्या काढायचं प्रकरण २०१९ ला बाहेर आलं. नीलम गोऱ्हेंच्या समितीनं बीड जिल्ह्यात सर्वे केला, ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कित्येकजणी तिशी-पस्तिशीच्या. आपण चहात साखर किती विचारतो त्यामागं हे आहे, आणि आपण बागायतदार ह्या साखळीत कुठं उभे आहोत ते आपलं आपल्याला माहीत आहे, खुशालीवरनं शिव्या त्यांनाच देतो ना आपण.

तर मग मशीन आलं तर बरंच झालं की, असं पुण्यातला माझा मावसभाऊ म्हणतो. बायकांचे हाल संपले. मी म्हटलं, दादा, हाल संपले नाहीत, काम संपलं. दिवसाला शंभर टन तोडणारं एक मशीन म्हणजे पन्नास-साठ कोयत्यांचं काम. त्या माणसांच्या गावात जर दुसरं काही उभं राहिलं असतं तर मी पण टाळ्या वाजवल्या असत्या. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्के वाढवून टनाला ३६६ च्या आसपास नेला, त्याला पण संप-बैठका कराव्या लागल्या. गोपीनाथ मुंडेंच्या नावानं ऊसतोड कामगार महामंडळ आहे, टनाला दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे ठरलंय. दुसरीकडं सरकारनं ९०० हार्वेस्टरना अनुदान जाहीर केलं, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख यातलं जे कमी असेल ते. मशीन कोटीच्या घरात, म्हणजे उरलेले पासष्ट लाख उभे करणारा माणूस कोण असणार ते तुम्हीच बघा आपल्या गावात, मुकादम तर नक्कीच नाही आणि कोयता तर नाहीच नाही. मुकादमाचं बुडवलेलं कर्ज जाऊन बँकेचं न बुडवता येणारं कर्ज आलंय एवढंच, आणि हप्ता भरायचा म्हणून मशीनवाला दिवसरात्र मोठाच पट्टा शोधत फिरतोय.

त्यामुळं वीस गुंठेवाल्याला मशीन नाही. माझ्या बांधाला बांध लावून चुलत्यांचं अठरा गुंठे आहे, तीन फुटी सरी, मशीन येत नाही आणि एवढ्याशा तुकड्याला टोळी पण येत नाही, आली तर दुप्पट खुशाली मागते. त्यांचा ऊस हे लिहितोय तोवर उभा आहे. प्रवरानगरला १९५० च्या हंगामात विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळांनी राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना चालू केला तो सावकाराच्या तावडीतला लहान शेतकरी एकत्र यावा म्हणून. आज कारखान्याचा बॉयलर रोज एवढे हजार टन मागतो आणि त्याला लागतील तशी आमची सरी, जात, लावणीची तारीख, आता बांध पण. दोन भावांनी मधला बांध काढला तर मशीनला सोपं पडतं, असं शेतकीवाला स्वतः सांगून गेला.

एक बारीक गोष्ट राहिली, आमच्या शिराळ्याच्या बाजूला उसात बिबट्याची पिल्लं सापडतात. तोडकऱ्याला पिल्लू दिसलं की काम थांबतं, वनखात्याला फोन जातो, आई येऊन घेऊन जाईपर्यंत तेवढं रान सोडतात. केबिनमधनं रात्री लाईटीत खालचं काय दिसणार? ऑपरेटरला विचारलं तर तो नुसता हसला.

रेटिंग द्यायचंच तर वेळेला आणि पाचटाला पाच, काट्यावरच्या पारदर्शकतेला दोन, खोडव्याला रान कोरडं असेल तर चार नाहीतर दीड. एकूण साडेतीन धरा, ते सुद्धा माझ्यासारख्या सलग दोन एकरवाल्याला. बाकीच्यांनी हे आकडे आपले समजू नयेत. सांगणार असाल तर: लावणीतच साडेचार-पाच फुटी सरी घ्या, भर एकसारखी लावा, वळायला टोकाला दहा-बारा फूट मोकळं ठेवा, मोटारीचे पाईप, व्हॉल्व्ह, ड्रीपच्या नळ्या आधी काढून खुणा करा (शेजारच्याचा एअर व्हॉल्व्ह आख्खा ट्रॉलीत गेला), पहिली ट्रॉली भरताना स्वतः उभं राहून पंख्याकडं लक्ष द्या, आणि कांड्या केलेला ऊस लवकर आंबतो म्हणून ट्रॉली कारखान्यावर गव्हाणीत (ऊस गाळपाला टाकतात तिथं) कधी पडली ते विचारा, वजन त्याच दिवशी झालं का ते पावतीवर बघा. कडेचं वाढं कुणाला द्यायचं ते आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

खोडवा तुटेल तेव्हा टनेज टाकतो. निडवा (खोडव्यानंतर परत ठेवलेला ऊस) ठेवायचा का सोयाबीन करून जमिनीला दम द्यायचा, यावर घरात सध्या वडिलांचं आणि माझं जुंपलेलं आहे. कुणाचा मशीननं तोडलेला निडवा असेल, विशेषतः काळ्या रानात, तर एकरी किती पडला आणि नांग्या किती भराव्या लागल्या तेवढं खाली लिहा.